ब्लू-रे की एचडी डीव्हीडी? ती लढाई कोण जिंकलं आणि घरच्या लग्नाच्या सीडीचं पुढे काय?

वाशिम जिल्ह्यातल्या अनेक घरांत कपाटाचा एखादा खण असा असतो, ज्यात दोन-तीन पिढ्यांची लग्नं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. थोरल्या काकांचं लग्न व्हीएचएस कॅसेटवर, त्यानंतरचं दोन-तीन व्हीसीडींवर, पुढचं डीव्हीडीवर आणि अलीकडचं पेन ड्राइव्हवर. कॅसेट चालवणारा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला असतो. सीडी प्लेअरचा ट्रे उघडत नाही. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही.

अशा वेळी नव्या लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर देताना प्रश्न येतोच: डीव्हीडी घ्यायची, ब्लू-रे घ्यायची की पेन ड्राइव्हवर भागवायचं? उत्तर द्यायला सोपं वाटतं, पण चुकलं तर वीस वर्षांनी आजीचा आवाज, आजोबांचं चालणं पुन्हा बघायला मिळत नाही.

हाच प्रश्न २००६ ते २००८ या काळात जगभरातल्या ग्राहकांसमोर मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेव्हा हाय डेफिनिशन चित्रपटांसाठी दोन डिस्क बाजारात होत्या: ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एक घेतली की दुसरीचे चित्रपट बंद. ती लढाई कशी झाली आणि निकाल कशामुळे लागला हे समजलं, की घरच्या खणातला निर्णय घेणंही सोपं जातं.

एचडी म्हणजे नेमकं किती?

टीव्हीवरचं चित्र छोट्या छोट्या ठिपक्यांचं बनलेलं असतं. भारतात वापरात असलेल्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर हे ठिपके आडवे ३५२ आणि उभे २८८ असतात, म्हणजे एका चित्रात साधारण एक लाख. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक. व्हीसीडीच्या वीसपट.

ठिपके वाढले की साठवण्याची जागाही वाढवावी लागते. एका सीडीत सुमारे ७०० एमबी मावतं. व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये ७४ ते ८० मिनिटांचा व्हिडिओ बसतो. म्हणूनच तीन तासांचा हिंदी सिनेमा दोन किंवा तीन डिस्कच्या पाकिटात यायचा आणि मध्येच उठून डिस्क बदलावी लागायची. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतं. पूर्ण एचडी सिनेमासाठी तेही कमी पडू लागलं.

लेझर निळा का करावा लागला?

डिस्कवर माहिती असते ती अतिशय बारीक खड्ड्यांच्या रूपात. हे खड्डे आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक गोल रेषेत मांडलेले असतात आणि प्लेअरमधला लेझर ती रेषा वाचत जातो. त्याच आकाराच्या डिस्कमध्ये जास्त माहिती बसवायची तर खड्डे लहान करायचे आणि रेषा एकमेकींच्या जवळ आणायच्या. वावर तेवढंच ठेवून तासांमधलं अंतर कमी केलं की जास्त तासं बसतात, तसंच.

सीडीवर दोन रेषांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर फक्त ०.३२. माणसाचा एक केस ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर त्याच्या रुंदीत सीडीच्या चाळीसेक रेषा मावतात आणि ब्लू-रेच्या दोनशेहून जास्त.

पण रेषा बारीक केल्या तरी त्या वाचणारा प्रकाशाचा ठिपकाही तितकाच बारीक हवा. नाहीतर लेझर एकाच वेळी शेजारच्या दोन-तीन रेषांवर पडतो. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका लहान करता येतो. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. पुढच्या पायरीसाठी निळा-जांभळा प्रकाश हवा होता आणि तो देणारं टिकाऊ उपकरण बराच काळ कोणालाच जमत नव्हतं.

१९९० च्या दशकात जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी आधी तेजस्वी निळा एलईडी आणि नंतर निळा-जांभळा लेझर तयार केला. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घराघरांतला पांढरा एलईडी दिवा आणि ब्लू-रेचा लेझर ही एकाच संशोधनाची दोन फळं आहेत.

लेझर एकच, मग डिस्क दोन कशा?

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्हींचा लेझर ४०५ नॅनोमीटरचाच होता. फरक होता तो माहितीचा थर डिस्कमध्ये किती खोल ठेवायचा यात.

डीव्हीडीत हा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. तोशिबा आणि एनईसी यांनी तीच खोली कायम ठेवली. त्यामुळे डीव्हीडी बनवणाऱ्या कारखान्यांना थोडेफार बदल करून एचडी डीव्हीडी बनवता येणार होती. डीव्हीडीचं मानक ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमनेही याच रचनेला मान्यता दिली होती. क्षमता मिळाली एका थरात १५ जीबी आणि दोन थरांत ३० जीबी.

सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक आणि त्यांच्यासोबतच्या कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, फक्त ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे भिंग अधिक ताकदीचं वापरता आलं, ठिपका आणखी लहान झाला आणि क्षमता एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी झाली. पण थर इतका वर आल्याने ओरखड्यांची भीती वाढली. त्यावर टीडीके कंपनीने विकसित केलेलं कडक आवरण कामी आलं. कारखान्यांना नवी यंत्रं घ्यावी लागणार होती, तो खर्च वेगळाच.

थोडक्यात, एका बाजूला स्वस्त आणि ओळखीचा रस्ता होता, दुसऱ्या बाजूला महाग पण जास्त जागेचा. २००५ मध्ये दोन्ही गटांनी एकच डिस्क ठरवण्यासाठी बोलणी केली, ती फिसकटली.

दोन वर्षांची लढाई

एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला, किंमत दुप्पट, ९९९ डॉलर. सुरुवातीला पारडं एचडी डीव्हीडीकडे झुकलेलं वाटत होतं. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल तिच्या बाजूने होते. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ला जोडता येणारा एचडी डीव्हीडी ड्राइव्हही विकायला काढला.

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ बाजारात आणला आणि प्रत्येक यंत्रात ब्लू-रे ड्राइव्ह बसवूनच दिला. गेम खेळण्यासाठी यंत्र घेणाऱ्याच्या घरी ब्लू-रे प्लेअर आपोआप पोहोचू लागला.

चित्रपट कंपन्या मात्र वाटल्या गेल्या होत्या. सोनीचा स्वतःचा स्टुडिओ, डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. वॉर्नर दोन्हीकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होती, ऑगस्ट २००७ मध्ये ती फक्त एचडी डीव्हीडीकडे गेली. एकाच दुकानात, एकाच फळीवर निम्मे सिनेमे एका यंत्रावर चालणारे आणि निम्मे दुसऱ्या. एलजीने २००७ मध्ये दोन्ही डिस्क चालवणारा प्लेअर आणला, पण त्याची किंमत बाराशे डॉलरच्या घरात होती. तेवढ्यात दोन वेगळी यंत्रं आली असती.

नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला आणि लोकांनी तो हातोहात उचलला. तरीही दोनच महिन्यांत चित्र पालटलं. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रेवरच चित्रपट काढायचं जाहीर केलं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने, पाठोपाठ वॉलमार्टनेही ब्लू-रेचीच बाजू घेतली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी तोशिबा ब्लू-रेच्या गटात सामील झाली आणि स्वतःचा ब्लू-रे प्लेअर घेऊन आली.

चित्र सारखंच होतं, मग निकाल कशावर लागला?

दोन्ही डिस्कवरचं चित्र १९२० गुणिले १०८० चंच होतं. चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीही दोन्हीकडे त्याच होत्या. साध्या माणसाला टीव्हीसमोर बसवलं असतं तर कोणती डिस्क चालू आहे हे ओळखणं कठीण होतं. म्हणजे ग्राहक चित्र निवडत नव्हता. पुढच्या दहा वर्षांत आपल्या यंत्रावर चालणारे सिनेमे मिळत राहतील का, याचा अंदाज तो बांधत होता.

वाशिम जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. इथे तो रुळांवर घडून गेला आहे. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा, आणि तो जातो अकोला-मूर्तिजापूरवरून. वाशिम शहर मात्र अकोला-पूर्णा या मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटरच्या मार्गावर होतं. आणि कारंजा होतं मूर्तिजापूर-यवतमाळ या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर, जिला सगळे 'शकुंतला' म्हणून ओळखतात. एकाच टापूत तीन मापं. कारंज्याकडचा कापूस नॅरोगेजने मूर्तिजापूरला यायचा आणि तिथे तो मोठ्या गाडीत चढवावा लागायचा. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जात नाही, मग तो कितीही चांगला असो.

पुढे अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि वाशिम देशाच्या मुख्य जाळ्याला जोडलं गेलं. शकुंतला बंद पडली. तिचं माप वाईट होतं म्हणून नव्हे, तर त्या मापाचे डबे, इंजिनं आणि सुटे भाग बनवणारं जग आक्रसत गेलं म्हणून.

डिस्कचंही तसंच झालं. वॉर्नर गेली, तसे एचडी डीव्हीडीवर येणारे सिनेमे आटले. सिनेमे आटले, तशी दुकानदाराने फळी रिकामी केली. फळी गेली, तसं यंत्र घेण्याचं कारण उरलं नाही. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या बीटामॅक्स आणि व्हीएचएसच्या झगड्यातही हेच घडलं होतं. त्या वेळी हरलेली कंपनी सोनी होती. पुढे सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली. त्यामुळे ब्लू-रेच्या लढाईत उतरताना यंत्रासोबत सिनेमेही तिच्या हातात होते.

भारतात काय झालं?

अमेरिकेत ही लढाई रंगली तेव्हा भारतात बहुतेकांच्या घरी व्हीसीडी चालत होती. एचडी डीव्हीडी इथल्या घरांत जवळपास पोहोचलीच नाही. त्यामागे सरळ कारणं होती. घरोघरी काचेच्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते, त्यांवर एचडीचा फरक दिसणारच नव्हता. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्या वर्षांत भारनियमन तासन्‌तास चालायचं. व्हीसीडी प्लेअर स्वस्त होता, डिस्क भाड्याने मिळायची आणि चौकातल्या दुकानात तिची प्रत निघायची. लग्नाचं शूटिंग करणारेही त्यामुळे व्हीसीडीच द्यायचे. सगळ्या नातेवाइकांकडे तीच चालायची.

इथली खरी उलथापालथ किमतीची होती. दिल्लीची मोझर बेअर ही जगातल्या मोठ्या कोऱ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. २००७ च्या सुमारास ती चित्रपटांच्या डिस्क विकायच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना ठेवली. त्याआधी अधिकृत डिस्क याच्या कित्येक पट महाग असायच्या. सहा रुपये जास्त दिले की तोच सिनेमा एका डिस्कवर, चांगल्या चित्रासह मिळू लागला आणि डीव्हीडीचा पाया विस्तारला.

ब्लू-रे या किमतीत कधीच आली नाही. तिला एचडी टीव्ही हवा, वेगळा प्लेअर हवा, डिस्क महाग. ती मोठ्या शहरांतल्या हौशी प्रेक्षकांपुरती राहिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि एचडी चित्रपट थेट फोनवर येऊ लागले. बहुतांश भारत डीव्हीडीवरून ब्लू-रेवर न जाता सरळ इंटरनेटवर गेला. मोझर बेअरही टिकली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेतून अवसायनात गेली.

जिंकलेल्या ब्लू-रेचं पुढे काय?

ब्लू-रे अजून संपलेली नाही. २०१६ पासून तिचं फोर-के रूप बाजारात आहे आणि चित्रपट जमवणारे आजही ती घेतात, कारण डिस्कवरचं चित्र स्ट्रीमिंगपेक्षा कमी दाबलेलं असतं. पण वर्तुळ लहान होत चाललं आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं.

म्हणजे लढाई जिंकणाऱ्या फॉरमॅटलाही मुदत असते. व्हीएचएसने बीटामॅक्सला हरवलं, तरी शेवटचे व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये तेही थांबवलं.

घरच्या डिस्कचं आयुष्य वेगळं का?

दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे साच्याने दाबलेले असतात. लग्नाची डिस्क तशी नसते. ती कोऱ्या डिस्कवर लेझरने लिहिलेली असते. नेहमीच्या कोऱ्या सीडी-डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर तो जागोजागी जाळून खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हे रंगद्रव्य हळूहळू बिघडतं. वाशिमसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालचं कपाट आणखी तापतं. त्यामुळे एकाच दिवशी काढलेल्या दोन प्रतींपैकी थंड खोलीतली चालते आणि दुसरी अडकते, असं होऊ शकतं.

डिस्कवर चिकटवलेला फोटोचा स्टिकरही धोक्याचा. सीडीत माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला अगदी लागून असतो. स्टिकर उचलताना तो थर सोबत निघून येऊ शकतो. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण सीडीची नाजूक बाजू वरची आहे.

मग करायचं काय?

पहिलं काम जुन्या कॅसेटचं. चुंबकीय फीत जुनी होते, पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि चालू व्हीसीआर मिळणं दरवर्षी कठीण होत जातं. म्हणून व्हीएचएसचं रूपांतर सगळ्यात आधी करून घ्यावं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. फीत तुटू शकते आणि यंत्रही खराब होतं. ती थेट जाणकाराकडे द्यावी.

दुसरं काम व्हीसीडी आणि डीव्हीडीचं. हे घरीही जमतं. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह दोन्ही प्रकारच्या डिस्क वाचतो. व्हीसीडी उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात 'डॅट' प्रकारची मोठी फाइल असते. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो. या फाइल जशाच्या तशा कॉप्या कराव्यात. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर त्या चालतात. डिस्क अडकत असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहावं. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा कधी कधी वाचतो.

'जुनी सीडी एचडी करून देतो' असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ समजून घ्यावा. व्हीसीडीत एक लाखच ठिपके आहेत. उरलेले एकोणीस लाख यंत्र अंदाजाने भरतं. चित्र मोठं आणि गुळगुळीत दिसेल, पण चेहऱ्यावरचे जे बारकावे नोंदलेच गेले नाहीत ते परत येत नाहीत. असं रूपांतर करायला हरकत नाही, मात्र मूळ फाइल टाकून देऊ नये.

तिसरं, नव्या शूटिंगची ऑर्डर देताना डिस्कचा प्रकार विचारण्याआधी फाइलचं विचारावं. पूर्ण दर्जाची, एमपी-फोर स्वरूपातली, एच.२६४ पद्धतीने साठवलेली फाइल मिळेल का? ही पद्धत आजचे जवळपास सगळे फोन, टीव्ही आणि संगणक वाचतात. फक्त एखाद्या ॲपवरची लिंक मिळणार असेल तर ती बंद पडण्याआधी फाइल उतरवून घ्यावी.

चौथं, प्रती. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन. पेन ड्राइव्ह एका जागेहून दुसरीकडे न्यायला उत्तम, पण वर्षानुवर्षं न जोडता ठेवला तर त्यातली माहिती उडू शकते. हार्ड डिस्क पडली की बिघडते. म्हणून एकीवर विसंबू नये. दिवाळीच्या साफसफाईत या डिस्क जोडून फाइल उघडतात का ते पाहून घ्यावं.

ब्लू-रेवर एक जादा प्रत ठेवायची असेल तर ती चांगली सोय आहे. एका डिस्कवर २५ जीबी मावतं आणि एम-डिस्कसारख्या, रंगद्रव्याऐवजी खनिजासारखा थर वापरणाऱ्या डिस्क जास्त टिकतील अशा बेताने बनवलेल्या असतात. पण सोबत ब्लू-रे ड्राइव्ह घरात असायला हवा. साधा डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे वाचत नाही. डिस्क शंभर वर्षं टिकली आणि ड्राइव्ह मिळेनासा झाला, तर तिचा उपयोग शून्य.

परदेशातल्या मुलाला लग्नाची डिस्क पाठवायची असेल तर आणखी एक गोष्ट. दुकानातल्या डिस्कवर प्रदेशाचं कुलूप असतं. डीव्हीडीसाठी भारत प्रदेश ५ मध्ये आणि अमेरिका प्रदेश १ मध्ये येते. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर सहसा हे कुलूप नसतं, पण भारतातली पाल पद्धतीची डीव्हीडी अमेरिकेतल्या अनेक प्लेअरवर चालत नाही. त्यापेक्षा फाइल पाठवणं सोपं.

कारंज्याच्या पोथ्या कशा टिकल्या?

वाशिम जिल्ह्यातच जपणुकीचं जुनं उदाहरण आहे. कारंजा इथली जैन मंदिरं त्यांच्या हस्तलिखितांच्या भांडारांसाठी प्रसिद्ध आहेत. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंत कवीने अपभ्रंश भाषेत काव्यं रचली. विसाव्या शतकात कारंज्याच्या भांडारांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. डॉ. प. ल. वैद्य आणि डॉ. हिरालाल जैन यांनी पुष्पदंताची 'जसहरचरिउ' आणि 'णायकुमारचरिउ' ही काव्यं संपादित केली आणि ती १९३१ आणि १९३३ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आली.

कवीच्या हातची मूळ पोथी एवढी वर्षं टिकली नव्हती. मधल्या शतकांत कोणीतरी जुन्या प्रतीवरून नवी उतरवत गेलं आणि एका गावातली प्रत दुसऱ्या गावात पोहोचत गेली. घरातल्या व्हिडिओला हाच नियम लागू पडतो, फक्त मुदत कमी आहे. पोथीची नवी प्रत काढायला शतक-दोन शतकं सवड मिळायची, डिस्कला आणि हार्ड डिस्कला जेमतेम दहा वर्षं मिळतात. खणातल्या डिस्क या वर्षी ज्या ड्राइव्हवर वाचता येतात, तो ड्राइव्ह आणखी किती वर्षं बाजारात मिळेल, यावरच हे काम कधी करायचं ते ठरवावं.